घड्याळ दुरुस्तीचं कर्ज



मागच्या वेळी मी इथं बसून गटाचं रजिस्टर कसं लिहायचं ते सांगितलं होतं. नंतर एका गटाच्या सचिव ताई भेटल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही इतके वर्षं रजिस्टरं तपासता. 'कर्जाचे कारण' या रकान्यात सगळ्यात वेगळं काय लिहिलेलं पाहिलं?" मी म्हटलं, घड्याळ दुरुस्ती. त्या हसायला लागल्या. मी हसले नाही, कारण ते कर्ज माझ्याच सासूबाईंनी घेतलं होतं. आज तीच गोष्ट सांगते. पावसाळा तोंडावर आहे आणि भिजलेल्या वस्तूंचं काय करायचं हा प्रश्न यंदाही कोणाच्या तरी घरी येणारच आहे.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या बाजूला. जुलै २०२२ चा पाऊस आपल्या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. आमच्या घरात रात्री पाणी शिरलं ते सकाळपर्यंत कमरेएवढं झालं. आम्ही लेकरं, कागदपत्रं आणि शेळ्या घेऊन शाळेत गेलो. परत आलो तेव्हा घरभर गाळ. गहू, तूर, अंथरुणं, शिलाई मशीन, सगळं भिजलेलं. आईंची लोखंडी पेटी पलंगाखाली होती, ती गाळात रुतलेली. ती आम्ही आठ-नऊ दिवसांनी उघडली, कारण तोपर्यंत सगळा जीव धान्य वाळवण्यात आणि पंचनाम्यात होता. पेटीत लुगडी होती, फोटो होते आणि रुमालात बांधलेलं एक एचएमटीचं मनगटी घड्याळ होतं. मामाजी गेल्यापासून ते आईंकडेच असायचं.

पंचनाम्यात घराची भिंत लिहिली, शेळीचं पिल्लू लिहिलं, कपडे-भांडी लिहिली. घड्याळ कोणी लिहिलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. खरं सांगते, मला तेव्हा ते नुकसान वाटलंच नाही.

आता त्या घड्याळाविषयी थोडं. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या बायांना एचएमटी काय ते सांगायला नको. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने तिने बंगळूरला १९६१ मध्ये घड्याळं बनवायला सुरुवात केली. पंडित नेहरू पंतप्रधान होते तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी चांगलं घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ. एचएमटीने घड्याळांना आपल्या घरातली नावं दिली: जनता, सोना, कांचन, कोहिनूर, जवान, पायलट, बायकांसाठी सुजाता. पुढे बॅटरीची घड्याळं आली, मग मोबाइल आले, आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आज यांचे नवे सुटे भाग कारखान्यातून येत नाहीत. एक घड्याळ जिवंत करायचं तर दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातून भाग काढावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आईंचं घड्याळ 'जनता' होतं. चावीचं. पांढरी डायल आणि तिच्यावर आपल्या देवनागरीत आकडे, १, २, ३ असे. तसली डायलही एचएमटी काढायची. हे घड्याळ बॅटरीवर चालत नाही. बाजूची चावी रोज सकाळी पिळायची, आत एक पट्टीसारखी स्प्रिंग गुंडाळली जाते, ती हळूहळू सुटते आणि चाकं फिरवते. एकदा पूर्ण चावी दिली की दीड दिवसाच्या आसपास चालतं. आत एक लहानसं चाक पुढे-मागे हलत असतं, त्याला बॅलन्स म्हणतात. त्याच्यावर केसासारखी बारीक स्प्रिंग असते. त्या चाकाच्या हेलकाव्यावर सगळी वेळ अवलंबून. आपण जी टिकटिक ऐकतो ती तीच.

आणि एक गैरसमज इथंच काढून टाकते. डायलवर '१७ ज्वेल्स' असं लिहिलेलं असतं. आमच्या गावात अजूनही म्हणतात की घड्याळात सतरा हिरे असतात, दुरुस्तीला दिलं की ते काढून घेतात. तसं नाही. ते कारखान्यात बनवलेले लाल माणकाचे खडे असतात, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. जात्याचा खुंटा झिजू नये म्हणून आपण काळजी घेतो ना, तसं चाकाच्या टोकाखाली हे कठीण खडे बसवतात, म्हणजे टोक झिजत नाही. विकायला गेलं तर त्यांना काही किंमत येत नाही.

तर पेटीतून घड्याळ निघालं तेव्हा काचेच्या आत पाणी आणि मातीचा थर होता. आणि त्या दिवशी आम्ही तिघांनी तीन चुका केल्या. त्यातली एक माझी.

आमच्या ह्यांनी पहिल्यांदा काय केलं, तर चावी देऊन पाहिली. चालतं का ते बघू म्हणून. अर्धा पीळ बसला, करकर आवाज आला आणि चावी हातात आली. आतली दांडी गंजली होती, ती तुटली. दीर तेव्हा पुण्याहून मदतीला आले होते, त्यांनी घड्याळ पत्र्यावर उन्हात ठेवलं. संध्याकाळी पाहिलं तर काचेवर आतून दव, आणि डायलवरचा रंग फुगून आलेला. आणि मी हुशार! मोबाइल भिजला की तांदळात ठेवायचा असं कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून मी ते दोन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. बंद डब्यातलं पाणी बाहेरचे तांदूळ कसे ओढतील, हा विचार केला नाही. दोन दिवस गेले तेवढे गेले.

नंतर वर्ध्याच्या घड्याळवाल्या काकांनी मला सगळं समजावलं, ते तुम्हाला सांगते. चावीच्या घड्याळात पाणी गेलं तर चावी द्यायची नाही, काटे फिरवायचे नाहीत, हलवून पाहायचं नाही. आत माती असेल तर ती चाकांच्या दातांत घासते. ऊन दाखवायचं नाही, चुलीजवळ ठेवायचं नाही. उष्णतेने पाण्याची वाफ होते, ती आतल्या आत फिरते आणि जिथं पाणी पोचलं नव्हतं तिथंही पोचते. डायलचा रंगही त्यानेच सुटतो. बाहेरून कोरड्या कापडाने पुसायचं आणि त्याच दिवशी, नाही तर दुसऱ्या दिवशी, घड्याळवाल्याकडे मागचं झाकण उघडून घ्यायचं. पोलाद ओलं राहिलं की काही तासांत गंज धरायला लागतं. त्याच दिवशी नेलं असतं तर नुसत्या साफसफाईवर भागलं असतं, असं काका म्हणाले. बॅटरीचं घड्याळ असेल तर सगळ्यात आधी बॅटरी काढायला लावायची, कारण करंट चालू असला की ओलाव्यात भाग अजून लवकर खराब होतात. आणि डायल उघडी झाली की तिच्यावर बोट फिरवायचं नाही. ओल्या डायलवरचे आकडे बोटाला लागून निघून येतात.

पण हे सगळं मला नंतर कळलं. आधी आम्ही गेलो ते तालुक्याच्या बाजारातल्या एका दुकानात. तिथल्या भाऊंनी झाकण उघडलं, एक नजर टाकली आणि म्हणाले, "मशीन गेली. बॅटरीची मशीन टाकून देतो, साडेतीनशे. डायलही नवी रंगवून घ्या, चारशे अजून. नवंकोरं दिसेल." त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे रोज जे गिऱ्हाईक येतं त्याला हेच पाहिजे असतं. दीर लगेच तयार झाले. म्हणाले, "वहिनी, बाबांची आठवण आहे. मी पैसे देतो. छान करून घेऊ, मी पुण्याला घालत जाईन." आमचे हे म्हणाले, ठीक आहे.

मीही हो म्हणणार होते. साडेसातशे रुपये दिराचे, घड्याळ चालू, वाद संपला. घड्याळ भाऊंच्या हातात होतं. तेवढ्यात बाकावर बसलेल्या आई म्हणाल्या, "ते इकडे द्या." आणि रुमालात बांधून उठल्या.

घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी भाकरी टाकताना मी विचारलं, "आई, काहून आणलं परत?" त्या म्हणाल्या, "मले टाइम पाह्याले मोबाइल हाय. मले चावी द्याले घड्याळ पायजे."

तायांनो, सोळा वर्षं मी त्या घरात आहे. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी आई पेटी उघडतात हे मी पाहिलं होतं. मला वाटायचं देवाचं काही असेल. त्या मामाजींच्या घड्याळाला चावी द्यायच्या. मामाजी गेल्यावर नव्हे, ते असतानाही. जिनिंगच्या कामावर जायच्या आधी मामाजी अंघोळीला गेले की घड्याळाला चावी देऊन ठेवणं हे आईंचं काम होतं. बॅटरीच्या घड्याळाला चावी नसते. नुसता काटे फिरवायचा खटका असतो.

मी म्हटलं, पण हे तर मामाजींची आठवण म्हणून तुमच्या लेकाला पाहिजे. तेव्हा आई चिडल्याच. "त्याच्या बापाचं कुठून आलं? माह्या बापानं कापूस विकून घेतलं व्हतं." मग सगळं निघालं. आईंचं लग्न १९७५ चं. आपल्याकडे सरकारची एकाधिकार कापूस खरेदी १९७२ ला सुरू झाली, त्यानंतरची ती वर्षं. आईंच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून जावयासाठी सायकल आणि घड्याळ घेतलं होतं. सायकल कधीच गेली. त्या लग्नातलं, माहेरच्या पैशातलं, आज घरात असलेलं एवढंच. घरात सगळे त्याला 'बाबांचं घड्याळ' म्हणायचे. मीही म्हणायचे. दुकानात आम्ही तिघं ठरवत होतो आणि जिचं ते होतं ती बाकावर बसली होती. आणि मी गावोगाव जाऊन सांगते की घरातल्या निर्णयात बाईला विचारा.

दोन दिवसांनी मी आईंना घेऊन वर्ध्याला गेले. तिथं बाजाराच्या एका बोळात जुने घड्याळवाले काका बसतात. नाव सांगत नाही, त्यांनाच नको आहे. डोळ्याला भिंग, समोर काचेच्या वाट्या, एक रबरी फुगा धूळ उडवायला. त्यांनी आधी घड्याळाकडे नाही, आईंकडे पाहिलं आणि विचारलं, "आजी, याचं काय करायचं आहे? घालायचं आहे, ठेवायचं आहे, का विकायचं आहे?"

आधीच्या दुकानात हा प्रश्न आम्हाला कोणी विचारला नव्हता. आम्हीही आपसात विचारला नव्हता.

मग त्यांनी झाकण उघडलं आणि भिंग आईंच्या हातात दिलं. मलाही दाखवलं. आतल्या पितळी पट्ट्या डागाळल्या होत्या, पण पितळ गंजत नाही, ते साफ होतं. चाकंही पितळेची, ती वाचली होती. गंज होता पोलादी भागांवर: चावीची दांडी, काही स्क्रू, आणि ती केसासारखी स्प्रिंग. तिच्यावर दोन ठिकाणी तांबडे ठिपके. काका म्हणाले, मोठी स्प्रिंग डबीत बंद असते आणि तेलात असते, ती ठीक आहे. दांडी बदलावी लागेल. पण केसाच्या स्प्रिंगवर एकदा गंज बसला की ती वेळ धरत नाही. घासून काढली तर अजून पातळ होते. तिचा पूर्ण बॅलन्सच बदलावा लागेल, आणि तो नवा मिळत नाही. त्यांच्याकडे एका बंद पडलेल्या 'जनता'चा होता, तो ते घालू शकत होते.

आईंनी विचारलं, "मंग ते माह्या बापाचंच राह्यते का?"

काका म्हणाले, "आजी, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं दिसते. कुठं केलं?" आई म्हणाल्या, सेवाग्रामच्या दवाखान्यात. "मग डोळ्यात नवीन भिंग टाकलं ना? डोळा कोणाचा आहे?" आई हसल्या. पुरानंतर पहिल्यांदा.

मग त्यांनी किती खर्च कुठं येईल ते कागदावर लिहून दिलं. पूर्ण खोलून पेट्रोलमध्ये साफ करणं, प्रत्येक खड्यात सुईच्या टोकाएवढं तेल घालणं, परत जोडणं आणि आठ दिवस चालवून पाहणं, ६०० रुपये. दांडी ८०. बॅलन्स २५०. काच ७०. एकूण १०००. साडेतीनशेत चालणारं घड्याळ मिळत असताना हजार.

डायलविषयी मी विचारलं, कारण ती फारच वाईट दिसत होती. खालच्या बाजूला चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग, सहाचा आकडा अर्धा गेलेला. काका म्हणाले, "रंगवून देतात. मुंबईत तर जुन्या एचएमटीवर निळ्या-लाल-हिरव्या डायली छापून ऑनलाइन विकतात. दिसायला छान असतात. पण कारखान्यातून जी आली होती ती पुसून टाकल्याशिवाय दुसरी होत नाही. मग परत नाही येत." बाकीचं सगळं नंतर कधीही करता येतं, डायल पुसली की ती गेली, असं त्यांचं म्हणणं. ज्यांना जुन्या घड्याळांचा शौक आहे तेही मूळ डायल डागाळलेली असली तरी तीच पसंत करतात. आईंना त्या शौकाशी काही घेणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "राहू द्या. पूर आला व्हता, तर पूर दिसू द्या."

आता तुम्ही म्हणाल, हजार रुपये मोठी गोष्ट नाही, सून नोकरी करते, लेक कमावतो. मीही तेच म्हटलं, मी देते. दिरालाही फोनवर सांगितलं, तेही म्हणाले, हजार तर हजार, पण मग घड्याळ मी नेईन. आईंनी दोघांनाही नाही म्हटलं. त्यांच्या गटाची बैठक रविवारी होती. त्यांनी तिथं अर्ज दिला.

त्या गटात सगळ्या साठीच्या आसपासच्या बाया आहेत. मी त्या गावची सहयोगिनी, म्हणून मी बैठकीला होते. पण कर्ज माझ्याच घरचं होतं, म्हणून मी तेव्हा एक शब्द बोलले नाही, नुसती रजिस्टर धरून बसले. कान तापले होते माझे. एक बाई म्हणाली, "पुरात लोकायचे घरं पडले, अन् हिले घड्याळ सुचते." ते खोटं नव्हतं. त्याच बैठकीत एकीने भिंतीसाठी कर्ज मागितलं होतं, एकीने बियाण्यासाठी. दुसरी म्हणाली, आज घड्याळाला दिलं तर उद्या कोणी पैंजणाला मागेल. तिसऱ्या बाई, ज्या एरवी बैठकीत पेंगतात, त्या म्हणाल्या, "मागच्या साली तेरवीले दिलं ना आपण? त्याच्यातून कोणतं उत्पन्न निघालं?" मग बराच गोंधळ झाला. तेरवीचं नाव निघाल्यावर जिचं कर्ज होतं तिला वाईट वाटलं, तिला समजावण्यात वेळ गेला.

शेवटी अध्यक्ष बाईंनी नियमातला प्रश्न विचारला. भिंत आणि बियाणं आधी देऊ, उरलेल्यातून घड्याळाचं पाहू, पण फेडणार कशातून? आई म्हणाल्या, श्रावणबाळचे पैसे येतात आणि एक बोकड दिवाळीपर्यंत विकायचा आहे. २०० रुपयांचे पाच हप्ते आणि शेकडा दोन रुपये व्याज. कोणी तरी विचारलं, लेक देत नाही का? आई म्हणाल्या, "देते ना. पण लेकाच्या पैशानं केलं तर लेकाच्या मनासारखं होते." एवढ्यावर सगळ्या गप्प झाल्या. त्यातल्या प्रत्येकीच्या घरात लेक आहे. ठराव झाला आणि मी रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात लिहिलं: घड्याळ दुरुस्ती.

मला अनेकदा प्रशिक्षणात विचारतात, हे कर्ज योग्य होतं का? पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नीट हिशोब एवढं येतं. कारणाची लायकी कोण ठरवणार, ते त्यात नाही, ते गटाने ठरवायचं. माझं स्वतःचं मत म्हणाल तर भिंत आणि बियाणं आधी दिलं नसतं तर ते मला चुकीचं वाटलं असतं. आधी दिलं, म्हणून बरोबर वाटतं.

आपल्या जिल्ह्यात घड्याळाची गोष्ट निघाली की बापूंची आठवण येतेच. सेवाग्रामला राहणाऱ्या त्या माणसाने वस्तू म्हणून ठेवलंच किती होतं, पण कमरेला घड्याळ असायचं. त्यांचं झेनिथ कंपनीचं खिशातलं घड्याळ १९४७ मध्ये रेल्वे प्रवासात चोरीला गेलं आणि पुढे चोरट्याने स्वतःच परत आणून दिलं. तेच घड्याळ, चष्मा, चपला आणि ताट-वाटीसोबत २००९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघालं आणि सगळं मिळून १८ लाख डॉलरला गेलं. आमच्या दिरांनी ही बातमी वाचली होती. ते म्हणायचे, जुन्या घड्याळाला किंमत येते, वहिनी. येते, पण 'जनता' लाखोंनी विकली गेली होती. ज्या घड्याळाला बाजारात हजार-दोन हजार येतील त्याच्यावर हजार खर्च करणं व्यापार म्हणून बसत नाही, हे काकांनीही आधीच स्पष्ट सांगितलं होतं. विकायचं असतं तर त्यांनी दुरुस्त करू नका असंच सांगितलं असतं.

तुमच्या घरी अशी वस्तू असेल, घड्याळच नव्हे, जुनी शिलाई मशीन, रेडिओ, तर दुरुस्तीला देताना जे मी तेव्हा शिकले ते सांगते. उघडलेल्या यंत्राचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मागच्या झाकणावर नंबर असतो, तो लिहून घ्या. कोणता भाग बदलणार आणि कोणता साफ करणार हे वेगवेगळं लिहून मागा, नुसता एकूण आकडा घेऊ नका. आणि काढलेले जुने भाग परत मागा. दुकानदार चोर असतो म्हणून नाही. भाग हातात आला की काय बदललं ते आपल्यालाही कळतं, आणि उद्या दुसऱ्याकडे नेलं तर त्यालाही कळतं. आमच्या काकांनी तर न मागताच कागदाच्या पुडीत बांधून दिले. गंजलेली दांडी, दोन स्क्रू आणि ती बारीक स्प्रिंग. आईंनी ती पुडी पेटीत ठेवली आहे.

घड्याळ तीन आठवड्यांनी मिळालं. काचेतून तो तपकिरी डाग तसाच दिसतो, सहाचा आकडा अर्धाच आहे. दिवसाला तीन-चार मिनिटं मागे पडतं. काकांनी सांगितलं होतं, हवं तर परत आणा, जुळवून देतो. आई नेत नाहीत. रोज सकाळी चावी देताना माझ्या मोबाइलवर पाहून काटा पुढे सरकवतात. काकांनी एक ताकीद दिली आहे: जुन्या घड्याळाच्या झाकणाची रबरी रिंग म्हातारी होते, मागे काहीही लिहिलेलं असलं तरी ते पाण्यात टिकेल असं धरून चालायचं नाही. भांडी घासताना, कपडे धुताना, पावसात जाताना काढून ठेवायचं. काचेला आतून दव दिसलं की थांबायचं नाही, उघडून घ्यायचं.

दीर दिवाळीला आले होते. घड्याळ हातात घेतलं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकत बसले. नेण्याचं काही बोलले नाहीत. आईच म्हणाल्या, "मी गेल्यावर नेजो. पण बॅटरी टाकजो नको."

कर्जाचे पाच हप्ते वेळेवर फिटले. बोकडाला अपेक्षेपेक्षा कमी भाव आला, म्हणून चौथा हप्ता श्रावणबाळच्या पैशातून गेला, तेही रजिस्टरमध्ये आहे. यंदा मृगाच्या आधीच आईंनी घड्याळ, ती पुडी आणि सातबाऱ्याची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आडव्या लाकडाला वर टांगून ठेवली आहे. रोज सकाळी स्टुलावर चढून काढतात आणि चावी देऊन परत टांगतात. मी म्हटलं, आई, पडाल. तर म्हणतात, "तू धर मंग स्टूल." म्हणून आता सकाळी पावणेसहाला मी स्टूल धरून उभी असते.

माझी वेळ झाली. पुढच्या वेळी गटाच्या बँक खात्याचं बोलू. नमस्कार.